विश्लेषण : घरच्या ट्रेडमिलचा पट्टा का घसरतो? बोल्ट आवळण्याआधी काय तपासावे?

जूनच्या मध्यानंतर भोरच्या पश्चिमेकडचे हिर्डस मावळ आणि तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, पावसात आणि धुक्यात बुडून जातात. भातलावणीला हा पाऊस हवाच असतो. पण डॉक्टरांनी ‘रोज अर्धा तास चाला’ असे बजावलेल्या साठीतल्या माणसाला त्या दिवसांत चालायला जागा उरत नाही. रस्ता निसरडा, कडेला चिखल, संध्याकाळी लवकर दाटणारा अंधार. मधुमेह असलेल्या किंवा हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरी ट्रेडमिल येते ती बहुधा अशा गरजेपोटी. मग एक दिवस तिचा पट्टा पायाखाली क्षणभर अडतो आणि पुन्हा सुटतो. गुडघे आणि तोल आधीच कच्चे असतील, तर ताशी तीन-चार किलोमीटर वेगावरचा तेवढा हिसकाही माणसाला पाडायला पुरेसा असतो.

अशा वेळी घरात पहिला उपाय होतो तो ॲलन-कीचा. मागच्या टोकाला दोन बोल्ट दिसतात, ते कुणीतरी करकचून आवळतो. दोन दिवस यंत्र बरे चालते आणि नंतर वास, आवाज किंवा बंद पडलेला डिस्प्ले अशी नवी दुखणी सुरू होतात. पट्टा सैल असणे हे हिसक्याचे एक कारण आहे, एकमेव नाही. आधी कारण ओळखणे आणि मग हत्यार हाती घेणे, हा क्रम चुकला की शे-दोनशे रुपयांच्या तेलाचे काम मोटार किंवा कंट्रोल बोर्डाच्या खर्चावर जाते.

पट्ट्याचे काम नेमके कसे चालते?

ट्रेडमिलमध्ये पट्टे दोन असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यावर आपण चालतो तो रुंद पट्टा पुढच्या आणि मागच्या रोलरभोवती फिरतो. पुढच्या झाकणाखाली दुसरा, अरुंद आणि आतून खाचा असलेला पट्टा असतो. तो मोटारीची ताकद पुढच्या रोलरपर्यंत पोहोचवतो. मागचा रोलर नुसता फिरता असतो. त्याला पुढे-मागे सरकवणारे दोन बोल्ट म्हणजेच पट्ट्याचा ताण आणि दिशा ठरवणारी चावी.

पिठाच्या किंवा भाताच्या गिरणीत लहानपण गेलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. गिरणीचा सपाट पट्टा घसरू लागला की त्याला राळ लावायची जुनी रीत होती. राळेने पकड वाढते. ट्रेडमिलला हा उपाय लावला तर मात्र घात होतो. गिरणीचा पट्टा दोन चाकांच्या मधे हवेत असतो. ट्रेडमिलचा पट्टा मधल्या भागात एका लाकडी फळीवरून घासत जातो आणि त्याच वेळी त्यावर ७०-८० किलोचा माणूस उभा असतो. म्हणजे पट्ट्याच्या एकाच आतल्या बाजूने दोन टोकांना रोलर घट्ट धरायचा आणि मधे फळीवरून अलगद घसरायचे, अशी दोन परस्परविरुद्ध कामे करायची असतात. तेल जास्त झाले तर फळीवर तो छान घसरतो, पण रोलरवरची पकड सुटते. तेल संपले तर रोलरवर पकड राहते, पण फळी त्याला ओढून धरते. दोन्ही वेळा पायाला जाणवतो तो हिसका सारखाच. म्हणून नुसत्या हिसक्यावरून निदान करू नये.

मग पहिली तपासणी कोणती?

हात घालून पाहण्याची. प्लग काढावा, पाच-दहा मिनिटे थांबावे, पट्ट्याची कड मधल्या भागात उचलावी आणि तळहात आत सरकवावा. जिथे पावले पडतात तिथे फळीवर बोटे फिरवली असता हाताला किंचित ओशट, गुळगुळीत थर लागला पाहिजे. बोटे कोरडी राहिली, फळी खरखरीत लागली किंवा काळपट भुकटी हाताला आली, तर दुखणे कोरडेपणाचे आहे. अशा यंत्राचे बोल्ट आवळणे म्हणजे दोन बैलांनी ओढायची गाडी ब्रेक दाबून हाकणे. घर्षणावर मात करायला मोटार जास्त वीज ओढते, कंट्रोल बोर्ड तापतो आणि शेवटी मुख्य फळ्यावरचा एमसीबी पडतो किंवा बोर्डच जातो.

उलट हात तेलाने निथळत बाहेर आला, रोलरवरही तेल चमकताना दिसले, तर दुखणे अति तेलाचे. बाटली संपवण्याच्या उत्साहात हे सर्रास घडते. अशा वेळी सुती कोरडे फडके पट्ट्याखाली एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने ओढावे, रोलर दिसतो तेवढा पुसून घ्यावा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये; पट्ट्याचे थर सुटतात.

तेल कोणते, याबाबत दुमत नाही : शुद्ध सिलिकॉन. खोबरेल, शिवणयंत्राचे तेल, इंजिन ऑइल, ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे यांतले काहीही चालत नाही. ही तेले धूळ धरून चिकट होतात किंवा पट्ट्याच्या रबराला नुकसान करतात. कार्तिकात भाताची मळणी सुरू झाली की घराघरांत कोंड्याची बारीक धूळ फिरते. ती अशा तेलात बसली की पट्ट्याखाली पॉलिश कागद ठेवल्यासारखी फळी झिजते. सिलिकॉन पट्ट्याखाली, पावले पडतात त्या पट्टीत, दोन्ही बाजूंनी नागमोडी सोडावे. एका वेळी १५ ते ३० मिलिलिटर पुरते. नंतर यंत्र कमी वेगावर पाच मिनिटे चालवले की ते पसरते. किती दिवसांनी द्यायचे हे वापरावर आणि पुस्तिकेवर अवलंबून. रोज वापर असेल तर तीन महिन्यांनी हात घालून पाहण्याची सवय ठेवावी. काही यंत्रांच्या फळीवर कारखान्यातच मेणाचा थर दिलेला असतो आणि तिथे सिलिकॉन घालू नये असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. बाटली उघडण्याआधी ते पान वाचलेले बरे.

घसरतो तो कोणता पट्टा?

फळी नीट आहे, तेल नीट आहे आणि तरीही हिसका आहे, तर आता घसरण शोधायची. यासाठी खडू, मोजपट्टी आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते.

प्लग काढून चालायच्या पट्ट्याच्या कडेला खडूने ठळक खूण करावी. पट्टा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून त्याची एकूण लांबी मोजावी. समजा ती अडीच मीटर भरली. ताशी ३ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५० मीटर. म्हणजे त्या वेगावर खूण मिनिटाला २० वेळा डोळ्यांसमोरून गेली पाहिजे. आधी यंत्र रिकामे चालवून मोजावे, मग कुणीतरी नेहमीसारखे चालत असताना मोजावे. रिकाम्या यंत्रावर २० आणि माणूस चढल्यावर १७-१८ येत असतील, तर वजनाखाली कुठेतरी ताकद निसटते आहे. दोन्ही वेळा सारखेच १७ येत असतील आणि चाल गुळगुळीत असेल, तर पट्टा निर्दोष आहे. डिस्प्लेवरचा वेगच चुकीचा आहे आणि तो सेन्सरचा किंवा मोजणी जुळवण्याचा विषय आहे.

ताकद निसटते कुठे, हे ठरवायला कारागीर एक सोपी चाचणी करतात. यंत्र ताशी दोन-तीन किलोमीटरवर ठेवून, दोन्ही दांडे घट्ट धरून, पावलांनी पट्ट्याला ब्रेक लावल्यासारखा जोर द्यायचा. पट्टा पायाखाली थांबतो पण पुढचा रोलर फिरत राहतो, तर चालायचा पट्टा रोलरवर घसरतो आहे. रोलरही थांबला आणि मोटारीचा आवाज तसाच चालू राहिला, जोडीला रबर किंचाळल्याचा आवाज किंवा जळका वास आला, तर झाकणाखालचा खाचांचा पट्टा सैल किंवा झिजलेला आहे. आणि मोटारच दबली, तिचा आवाज खाली गेला, तर दोष पट्ट्यांचा नाही. वीज किंवा कंट्रोल बोर्ड पाहावा लागेल. ही चाचणी घरातल्या धडधाकट माणसाने करावी. ज्याच्यासाठी यंत्र आणले त्या रुग्णाला त्यावर उभे करू नये. झाकण उघडे ठेवून यंत्र चालवण्याचा मोहही टाळावा. आत उघड्या जोडण्या असतात आणि बोर्डावरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवतात.

बोल्ट आवळायचेच असतील तर किती?

चालायचा पट्टाच रोलरवर घसरतो हे ठरले, तरच. आधी ताण पाहावा. मधल्या भागात पट्ट्याची कड वर उचलली असता ती फळीपासून साधारण पाच ते सात सेंटिमीटर उठावी. त्याहून फार जास्त उठत असेल तर पट्टा सैल. जेमतेम बोट आत जात असेल तर तो आधीच जास्त ताणलेला आहे आणि आवळण्यात अर्थ नाही.

मग दोन्ही बोल्टांच्या सध्याच्या जागेवर मार्करने खूण करावी. दोन्हींना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सारखाच पाव फेरा द्यावा, चालून पाहावे, गरज पडली तर पुन्हा पाव. किती फेरे दिले ते कागदावर लिहावे. एकूण एक फेरा देऊनही फरक पडला नाही तर थांबावे. पट्टा आतून गुळगुळीत होऊन निबर झालेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्याला ताणून पकड येत नाही. अति ताणाची किंमत दोन्ही रोलरचे बेअरिंग आणि मोटार मोजतात. पट्टाही ताणून लांब होतो आणि पुढच्या वेळी बोल्टला आवळायला आटेच शिल्लक राहत नाहीत.

पट्टा एका बाजूला सरकत असेल तर?

हा घसरण्याहून वेगळा दोष आहे आणि घरच्या घरी सर्वांत सहज सुटणारा. सपाट पट्टा सैल बाजूकडे ओढला जातो. म्हणून पट्टा उजवीकडे जात असेल तर उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळावा. डावीकडे जात असेल तर डावा. ताण आधीच पुरेसा असेल तर विरुद्ध बाजूचा बोल्ट पाव फेरा सैल करूनही तोच परिणाम मिळतो. यंत्र रिकामे, ताशी चार-पाच किलोमीटरवर चालू ठेवून, प्रत्येक पाव फेऱ्यानंतर एक-दोन मिनिटे थांबावे. पट्टा सावकाश सरकतो. घाई करणारा दुसरा फेरा देतो आणि मग पट्टा उलट्या बाजूला जातो. हा खेळ तासभर चालतो.

पण त्याही आधी जमीन पाहावी. जुन्या वाड्यात किंवा शहाबादी फरशीच्या घरात एका कोपऱ्यातला अर्धा सेंटिमीटर उतारही पट्टा सरकवायला पुरतो. पाणसळ फळीवर आडवी ठेवून यंत्राचे पाय वर-खाली करून घ्यावेत. शिवाय माणसाची चालही कारण ठरते. एका गुडघ्यात दुखणे असलेला माणूस दुसऱ्या पायावर जोर देतो आणि पट्टा रोज थोडा थोडा एकीकडे ढकलला जातो. रिकामे यंत्र सरळ चालते आणि आजोबा चढले की पट्टा सरकतो, अशी तक्रार असेल तर बोल्टांना दोष देण्यात फायदा नाही.

कडेला घासून पट्ट्याचे दोरे निघाले असतील तर ते ओढू नयेत, कात्रीने कापावेत.

आवाजावरून काय कळते?

इथेही मघाची मोजणी कामाला येते. मिनिटाला २० फेरे म्हणजे पट्टा दर तीन सेकंदांनी एक फेरा करतो. ‘धप’ असा आवाज दर तीन सेकंदांनी येत असेल तर तो पट्ट्याच्या सांध्याचा. यंत्र महिनाभर बंद राहिले की पट्ट्याला रोलरच्या जागी वळ पडतो, त्याचाही आवाज असाच; तो पाच-दहा मिनिटांत जातो. रोलर लहान असल्याने तो त्याच वेगावर सेकंदाला पाच-सहा वेळा फिरतो. म्हणून सलग घरघर किंवा खडखड असेल तर संशय रोलरच्या बेअरिंगवर जातो. मावळातल्या दमट हवेत गंज धरणारी पहिली जागा हीच. पाणीपंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बेअरिंगचे काम नवे नसते. रोलर काढून नेऊन दिला तर पुष्कळदा गावातच भागते. कंट्रोल बोर्ड मात्र ट्रेडमिलच्याच माणसाकडे द्यावा.

पावसाळ्याचा आणि विजेचा संबंध काय?

फळी सहसा लाकडाच्या भुश्यापासून दाबून बनवलेली असते. पडवीत किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून ठेवलेल्या यंत्राची फळी ओलावा शोषून कडेला फुगते आणि पट्टा त्या उंचवट्यावर घासू लागतो. फुगलेली फळी बोल्टाने सरळ होत नाही, ती बदलावीच लागते. काही फळ्या दोन्ही बाजूंनी वापरता येतात, एवढाच दिलासा. यंत्र भिंतीपासून हातभर दूर, कोरड्या खोलीत ठेवणे आणि झाकणाखाली उंदीर शिरत नाहीत ना हे पाहणे, ही खबरदारी आषाढाआधीच घ्यायची. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा.

विजेचा प्रश्न जास्त फसवा आहे. दाब २३० व्होल्टपेक्षा बराच खाली आला की पाऊल पडताच मोटार दबते आणि चालणाऱ्याला वाटते पट्टा घसरला. ओळख सोपी : यंत्रावर पाऊल ठेवताच खोलीतला दिवा मंदावतो, किंवा हिसका ठरावीक वेळीच, आजूबाजूचे शेतीपंप चालू असताना येतो. बारीक तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेल्या यंत्राचेही हेच होते. ट्रेडमिलला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि चालू स्थितीतले अर्थिंग हवे. गावातल्या वायरमनकडून यंत्र रिकामे असताना आणि माणूस चालत असताना सॉकेटवरचा दाब मोजून घेतला, तर अर्धे निदान तिथेच होते. त्याच्याकडे टाँग टेस्टर असेल तर यंत्र किती अँपिअर ओढते तेही दिसते. तेल देण्याआधी आणि नंतर हा आकडा घेतला तर कोरडी फळी मोटारीवर किती भार टाकत होती ते कळते.

हळू चालणाऱ्यांच्या यंत्राला जपायचे का?

हो, आणि हे अनेकांना उलटे वाटते. हृदयरोगाच्या ‘टीएमटी’ चाचणीत अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाची पद्धत वापरतात. तिचा पहिला टप्पा ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेगाचा, १० टक्के चढाचा असतो. त्या आठवणीने अनेक रुग्ण घरीही अडीच-तीनच्या वेगावरच चालतात. त्यांच्यासाठी ते योग्यच. पण रुग्णालयातले यंत्र दिवसभराच्या कामासाठी बनवलेले असते. घरगुती मोटारीचा पंखा सहसा तिच्याच आसावर बसवलेला असतो. मोटार हळू फिरली की पंखाही हळू फिरतो, आणि वजनदार पाऊल पट्ट्यावर जास्त वेळ टेकून राहते. म्हणून कमी वेगावर रोज पाऊण तास चालणाऱ्या घरात फळी कोरडी पडू न देणे हे धावणाऱ्याच्या घराहून जास्त महत्त्वाचे आहे. सलग पाऊण तासाऐवजी मधे विश्रांती घेऊन दोनदा चालले तर यंत्रालाही उसंत मिळते.

दुरुस्ती करताना धोका कुठे असतो?

मागच्या रोलरपाशी. दिशा जुळवताना यंत्र चालू असते आणि हात नेमका तिथेच असतो. ॲलन-की वळवायची असेल तेव्हा यंत्र थांबवावे. ओढणी, पदर, सैल बाही आणि बांगड्या दूर ठेवाव्यात. लहान मुलांना त्या खोलीत येऊच देऊ नये. अमेरिकेत मे २०२१ मध्ये पेलोटन कंपनीला ‘ट्रेड प्लस’ हे मॉडेल परत मागवावे लागले. सुमारे सव्वा लाख यंत्रे होती ती. मुले, पाळीव प्राणी आणि वस्तू मागच्या बाजूने यंत्राखाली ओढल्या गेल्याच्या ७० हून अधिक तक्रारी आल्या होत्या आणि त्यात एका मुलाचा जीव गेला होता. घरातल्या ट्रेडमिलची लाल सुरक्षा-किल्ली काम झाल्यावर काढून उंचावर ठेवायची असते ती यासाठी. चालताना तिची चिमटी कपड्याला लावलेली असावी. पट्टा घसरून तोल गेला तर यंत्र थांबवणारी तीच एक गोष्ट असते.

कारागिराला कधी बोलवावे?

जळका वास, वारंवार पडणारा एमसीबी, अंगाला बसणारा विजेचा झटका, डिस्प्लेवर येणारा बिघाडाचा संकेत किंवा पट्ट्याला गेलेली चीर, यांपैकी काहीही दिसले तर घरचे प्रयोग थांबवावेत. भोर पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, पानशेतच्या मागची गावे आणखी आत. कारागीर एकदा येऊन ‘पट्टा बदलावा लागेल, माप घेऊन जातो’ म्हणाला की दुसऱ्या खेपेचे पैसे आणि आणखी आठवडा जातो. फोनवरच त्याला यंत्राचे मॉडेल, पट्ट्याची एकूण लांबी आणि रुंदी, खडूच्या खुणेचे रिकामे आणि वजनासह फेरे, फळी कोरडी होती की ओशट, बोल्ट किती फेरे आवळले आणि सॉकेटवरचा दाब सांगावा. फळीचा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूचा फोटोही पाठवावा. एवढी माहिती मिळाली की तो योग्य सुटा भाग घेऊनच निघतो. तोपर्यंत यंत्राचा प्लग काढलेलाच राहू द्यावा, आणि चालायचे ते घरातल्या घरात, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.